१८५४ सालच्या इस्पितळ-जहाजावर कॉलऱ्याचा वॉर्ड कसा चालवत: पायरीपायरीने

जुन्या आरमारावर कादंबरी, एकांकिका किंवा संग्रहालयातला देखावा रचताना लढाई नीट जमते, पण आजाऱ्यांचा डेक फसतो. मेणबत्ती, रक्ताळलेली करवत आणि कण्हणारी माणसं एवढ्यावर भागवलं जातं. कॉलऱ्याच्या वॉर्डात यातलं जवळजवळ काहीच नसे. तिथे बादल्या असत, पिंपं असत, ओले हॅमक (कापडाचे टांगते बिछाने) असत. वेदनेने ओरडावं तर रुग्णाच्या गळ्यात आवाजच उरलेला नसे.

हा लेख रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धाच्या काळातल्या ब्रिटिश आरमाराबद्दल आहे. त्या वॉर्डात काय, कुठल्या क्रमाने आणि किती मापाने करत ते सांगताना प्रत्येक कामाला एकच कसोटी लावली आहे: रुग्णाच्या अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ यामुळे परत गेलं का? तेव्हाच्या बहुतेक नामांकित औषधांना ही कसोटी पेलत नाही. उलट ज्यांना कुणी औषध म्हणत नव्हतं, अशा दोन-तीन साध्या गोष्टी तिला उतरतात. खालची औषधं आज कुणावर वापरायची नाहीत. आज जुलाब लागले तर ओआरएस पाजायला लागायचं आणि दवाखाना गाठायचा.

काळ आणि जहाजं

कॉलऱ्याची पहिली मोठी साथ १८१७ साली बंगालमध्ये जेसोरकडे उठली आणि १८१८ मध्ये मुंबईत पोचली. आपल्याकडे पटकी, महामारी, जरीमरी ही नावं आहेतच. त्याहून जुनं नाव मोडशी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या आजाराचं वर्णन करताना मोडशीचंच पोर्तुगीज रूप वापरलं. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘मोर द शियां’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, होऊन बसलं. कोकणी-मराठी शब्द खलाशांबरोबर इतका लांब गेला.

ऑगस्ट १८५४ मध्ये काळ्या समुद्रात वर्णा आणि बाल्चिकच्या नांगरवाड्यात ब्रिटिश व फ्रेंच आरमारात कॉलरा शिरला. ‘ब्रिटानिया’ या ब्रिटिश नौसेनापतीच्या जहाजावर शंभराहून अधिक माणसं दगावली. रोग हवेतून येतो अशी समजूत, म्हणून ताफा खुल्या समुद्रात नेला. पण रोग जहाजावरच चढलेला होता. त्याच वर्षी बाल्टिक मोहिमेत ‘बेलआइल’ हे ७४ तोफांचं जुनं जहाज इस्पितळ म्हणून वापरात होतं. ट्रफाल्गरला लढलेलं ‘ड्रेडनॉट’ १८३१ ते १८५७ लंडनजवळ ग्रिनिचला इस्पितळ म्हणून नांगरून होतं. तिथे व्यापारी जहाजांवरचे खलाशी येत, त्यांत आपल्याकडचे लष्करीही असत. ‘लष्करी’ म्हणजे सैनिक नव्हे, ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी.

पायरी १: डेक तयार करणे

इस्पितळ-जहाज म्हणजे बहुधा तोफा उतरवलेलं जुनं लढाऊ जहाज. तोफांच्या खिडक्या ही त्याची खरी दौलत. कॉलऱ्याचे रुग्ण वरच्या डेकवर, वारा येईल अशा बाजूला ठेवायचे. खालच्या डेकवर ठेवले आणि समुद्र खवळला, की खिडक्या बंद कराव्या लागतात. मग अंधार, दुर्गंधी आणि सांडलेल्या बादल्या यांत सेवा करणंच अशक्य होतं. वरच्या डेकवरून विंडसेल खाली सोडत. विंडसेल म्हणजे कॅनव्हासचा लांब नळा, तोंड वाऱ्याकडे धरलेला.

हे सगळं दूषित हवा घालवायला चाललेलं होतं. कारण चुकीचं, पण फायदा खरा: रुग्ण विखुरले जात, उजेड येई, आणि सेवकाला कोण गार पडलंय ते दिसे.

लढाऊ जहाजावर हॅमकला माणशी १४ इंच रुंदी मिळे. कॉलऱ्यात हॅमक निरुपयोगी ठरतो. माणूस दर दहा-पंधरा मिनिटांनी उठतो, आणि थोड्या वेळाने उठूही शकत नाही. त्याला बाजांसारख्या कॉटवर, डांबर लावलेल्या कॅनव्हासवर निजवायचं. गादी नको. ती एकदा भिजली की जहाजावर वाळत नाही. दोन कॉटांमध्ये एक माणूस बादली घेऊन गुडघे टेकू शकेल एवढी जागा हवी.

एका कॉटशी दोन बादल्या: एक उलटीला, एक जुलाबाला. दोन्ही एकच ठेवली तर किती गेलं ते कळत नाही. तेव्हाचे डॉक्टर ते मोजतही नव्हते, आणि ती या वॉर्डाची सगळ्यात महागात पडलेली चूक होती. जोराचा कॉलरा असलेल्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

सेवक कोण? १८३३ पासून आरमारात सिक बर्थ अटेंडंट हे पद होतं, पण खलाशांच्या तोंडी जुनं नाव ‘लॉबलॉली बॉय’च राहिलं. लॉबलॉली म्हणजे ओटची किंवा तत्सम धान्याची घट्ट पेज, जी हे पोरगे आजाऱ्यांना भरवत. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पायरी २: आलेल्या माणसाची पारख

तीन टप्पे धरत. पहिला, साधी हगवण: माणूस चालता-बोलता असतो, पोट दुखत नाही, म्हणून सांगतही नाही. दुसरा, गार पडण्याचा. तिसरा, त्यातून वाचला तर येणारा ज्वर.

दुसरा टप्पा ओळखायला वैद्यकी शिकावी लागत नाही. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, पांढुरके, त्यात कण तरंगणारे, विष्ठेचा वासही नसलेले. उलटी जोर न करता, तोंडातून पाणी सांडावं तशी. पिंढऱ्यांत आणि हाताच्या बोटांत गोळे येतात, इतके की आडदांड गडी रडतो. डोळे खोल जातात. बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतलेल्या बाईच्या हातांसारखी सुरकुतते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी तशीच उभी राहते. ओठ-नखं निळी, श्वास गार, आवाज कुजबुजीएवढा, मनगटाची नाडी सुटलेली, लघवी बंद. शुद्ध मात्र शेवटपर्यंत शाबूत. तो पाणी मागतो, नाव सांगतो, शेजारचा मेलेला पाहतो. नाटकात या रुग्णाला बेशुद्धीत बडबडायला लावू नका.

इथे क्रम महत्त्वाचा. नाडी मनगटाला लागत नसेल तर कोपराला, तिथेही नसेल तर काखेत शोधायची आणि तसं नोंदवायचं. नाडी जितकी वर सरकली, तितका रक्तातला द्रव कमी झालेला असतो.

पायरी ३: औषधं, आणि ती काय करत

रक्त काढणं १८१७ ते १८३२ च्या साथींत सर्रास होतं, २० ते ३० औंसांपर्यंत. १८५४ पर्यंत गार पडलेल्या माणसावर ते बहुतेकांनी सोडलं होतं. दयेने म्हणावं तर तसं नाही. शीर कापली तरी रक्त डांबरासारखं थेंब-थेंब गळे, हे मुख्य कारण.

कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड, हे राजऔषध. एक पद्धत एकदम २० ग्रेन देण्याची (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). दुसरी इंग्लंडातल्या हल शहरातले डॉक्टर जोसेफ एअर यांची: दर पाच-दहा मिनिटांनी १-२ ग्रेन, सोबत लॉडॅनमचा (दारूतल्या अफूचा) एखाद-दुसरा थेंब. दर दहा मिनिटांनी दोन ग्रेन धरले तर सहा तासांत ७२ ग्रेन, म्हणजे जवळजवळ पावणेपाच ग्रॅम कॅलोमेल पोटात. युक्तिवाद असा की जुलाबात पित्त दिसत नाही, म्हणजे यकृत झोपलंय. पाऱ्याने ते जागं होईल. जुलाब हिरवट झाला की डॉक्टर खूश. वाचलेल्याला त्याचं बक्षीस आठवड्याने मिळे: सुजलेल्या हिरड्या, हलणारे दात, अखंड गळणारी लाळ.

लॉडॅनम म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. पहिल्या टप्प्यात २०-३० थेंब, त्यात खडूची पूड आणि कात. आपल्या पानातला तोच कात, तुरटपणासाठी. अफूने आतड्याची हालचाल मंदावते, बादलीत कमी दिसतं, आणि डॉक्टरला बरं वाटतं. पण पाणी आतड्यात झिरपणं थांबलेलं नसतं. ते पोटात साचतं. रक्ताच्या हिशेबात ते गेलेलंच.

पातळ केलेलं गंधकाम्ल, १५-२० थेंब पाण्यात, हे १८५० च्या दशकातलं फॅशनेबल औषध. कॉलऱ्याच्या जंतूला आम्ल सोसत नाही, म्हणून सुरुवातीच्या घोटांपुरता याचा काही उपयोग होत असेलही. पण आतड्यात ठाण मांडलेल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही.

बाहेरून मोहरीचा लेप पोटावर, टर्पेंटाइनने पायांची मालिश, गरम पाण्याच्या बाटल्या काखेत आणि तळपायाला. मालिशीने गोळ्यांना घटकाभर आराम पडतो, ती करावीच. बाटल्या मात्र फडक्यात गुंडाळून. गार पडलेल्या कातडीला चटका कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोड आलेले दिसतात. ब्रँडीही देत. नाडी नसलेल्या माणसाला तिने उलटीच होते.

पायरी ४: पाणी द्यायचं की नाही

यावर तेव्हा दोन तट होते. अनेक डॉक्टर पाणी तोडत, कारण पाणी प्यायलं की उलटी होते हे डोळ्यांना दिसे. माणूस समुद्राच्या मधोमध तहानेने तडफडे आणि त्याला ओल्या फडक्याने ओठ पुसून देत. दुसरे म्हणत, मागेल तितकं द्या. हे दुसरे बरोबर होते, पण अर्धेच. साधं पाणी या आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. सोबत मीठ आणि साखर किंवा पिष्ट असेल तर ती जोडी आतड्याच्या भिंतीतून एकत्र आत शिरते आणि पाण्याला ओढून नेते. कॉलऱ्यात हा रस्ता शाबूत राहतो, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

आता लॉबलॉली आठवा. पातळ केलेली, मीठ घातलेली पेज ही त्या अख्ख्या औषधपेटीतल्या कशाहीपेक्षा ओआरएसच्या जवळची वस्तू होती. बार्लीचं पाणी मीठ टाकून, खारट बीफ टी (गोमांसाचं पातळ सार), हेही त्याच रांगेत. कोकणात आजाऱ्याला मीठ घालून भाताची पेज देतात, तिचं तत्त्व हेच. जहाजावर मात्र पेज देत ती तिसऱ्या टप्प्यात, वाचलेल्याला, अन्न म्हणून. ज्याला ती तासातासाला हवी होती त्याच्या तोंडाला ती लागत नव्हती.

द्यायची रीत: एक-दोन चमचे, दर मिनिट-दोन मिनिटांनी. वाटीभर एकदम दिली की उलटते. उलटली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, आणखी सावकाश. एका रुग्णामागे एक माणूस अडकतो, आणि वॉर्ड इथेच कोलमडतो.

शिवाय हिशेब पाहा. लांबच्या सफरीत गोडं पाणी सगळ्या कामांसाठी मिळून माणशी दिवसाला साधारण एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर. वीस जोरातले रुग्ण, प्रत्येकी दहा लिटर धरले तर नुसतं पाजायलाच २०० लिटर रोज. किनाऱ्यावरून भरून आणलेलं पाणी स्वतःच दूषित असण्याचा धोका वेगळा. वाफेच्या जहाजांवर बॉयलरची वाफ थंड करून गोडं पाणी काढता येई. चवीला बेचव, खलाशी नाक मुरडत, पण जंतूविरहित पाणी म्हणाल तर तेच.

पायरी ५: शिरेतून मीठपाणी

हा उपाय १८५४ मध्ये नवा नव्हता, बावीस वर्षं जुना होता. १८३१-३२ मध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार गेलेले असतात. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात थॉमस लॅटा यांनी ते शिरेतून परत घातले. आरमारी डॉक्टरला हे वाचून माहीत असणं सहज शक्य होतं, आणि सामान जहाजावर मिळण्यासारखं होतं.

द्रावण: सहा पाइंट पाण्यात (सुमारे तीन लिटर) २ ते ३ ड्राम मीठ, म्हणजे आठ ते बारा ग्रॅम, आणि २ स्क्रुपल सोडा, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. तापमान ११२ फॅरनहाइट, आपल्या मापात ४४ अंश. पाणी उकळलेलं किंवा बॉयलरचं घ्यावं, मीठ विरघळवून घट्ट विणीच्या कापडातून गाळावं. डब्याला घोंगडी गुंडाळावी, नाहीतर अर्ध्या तासात ते निवतं आणि रुग्णाला हुडहुडी भरते.

दंडाला पट्टी बांधली तरी शीर फुगत नाही, कारण फुगायला आत काही नाही. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूची कातडी कापून शीर उघडी करायची, तिच्यावर लांबीच्या दिशेने छोटी चीर द्यायची आणि चांदीची बारीक नळी सरकवून दोऱ्याने हलकेच बांधायची. त्याआधी पिचकारी आणि नळी द्रावणाने काठोकाठ भरून, टोक वर धरून, बुडबुडा निघून जाईपर्यंत दाबायची. हवा शिरली तर माणूस हातात मरतो. मग दट्ट्या सावकाश, नाडीवर दुसऱ्याचं बोट ठेवून. जहाज डोलत असेल तर हे काम दोघांचं नाही, चौघांचं: एक हात धरायला, एक डबा, एक नाडी, एक पिचकारी.

लॅटांची पहिली रुग्ण एक वयस्क बाई होती, सगळे उपाय हरलेली. पहिल्या काही औंसांत काही दिसलं नाही. मग श्वास मोकळा झाला, खोल गेलेले डोळे वर आले, मनगटाला नाडी लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट गेले आणि बाई बरं वाटतंय म्हणू लागली. तिला झोप येतेय असं पाहून लॅटा तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून निघाले. थोड्याच वेळात जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, आणि साडेपाच तासांत ती गेली. पिचकारी पुन्हा कुणी भरली नाही.

चूक कुठे झाली ते आज आकड्यांत मांडता येतं. साठ किलोच्या माणसाने अंगाच्या दहा टक्के पाणी गमावलं तर भरपाई सहा लिटर. आजचा नियम: पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे ३० मिलि, पुढच्या अडीच तासांत ७० मिलि, आणि त्यापुढे जितकं बादलीत जाईल तितकं लगेच. लॅटांचा वेग कमी नव्हता. पण तीन लिटर देऊन थांबले, आणि वरून गळती चालूच होती. दुसरी खोट मिठात. लिटरला अडीच ते चार ग्रॅम पडलं, जिथे रक्ताला सोसेल असं द्रावण ९ ग्रॅमचं असतं. असल्या पाणचट द्रवात रक्तपेशी फुगून फुटतात. सोडा घालणं मात्र अचूक होतं, कारण जुलाबात अंगातला क्षार जातो आणि रक्त आंबट होतं. तिसरी खोट अस्वच्छ नळी: दोन-तीन दिवसांनी हात सुजून लाल, शीर पिकलेली, ताप. चौथी, आणि बदनामीला हीच कारणीभूत, की उपाय मरणाच्या दारातल्यांवरच करून बघत. साथ ओसरली, तसा हा उपायही मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी जास्त मिठाचं द्रावण वापरून तो पुन्हा उभा केला.

पायरी ६: बादल्या आणि कपडे

बादली समुद्रात ओतायची, एवढीच पद्धत. नांगरलेल्या जहाजाकडे वारा आणि प्रवाह तीच घाण परत आणतात, आणि डेक धुवायला, भांडी विसळायला त्याच बाजूने पाणी ओढतात. ओतायची बाजू आणि पाणी ओढायची बाजू वेगळी ठेवली तरी नांगरवाड्यात तीस जहाजं असल्यावर शेजाऱ्याचं काय!

वासासाठी दोन द्रव्यं असत: ब्लीचिंग पावडर, आणि आरमाराचे वैद्यकीय प्रमुख सर विल्यम बर्नेट यांचं झिंक क्लोराइडचं ‘बर्नेट्स फ्लुइड’. ब्लीचिंग पावडर जंतू खरंच मारते, पण ती बादलीत पडली तर. आजच्या मापाने मलासाठी दोन टक्के क्लोरीन लागतं. तेव्हा ती बशीत घालून हवेत वास घालवायला ठेवत. झिंक क्लोराइडची बाटली पाण्यासारखी स्वच्छ दिसते, औषधांपासून दूर कुलपात ठेवावी.

पायरी ७: गारवा ओसरल्यावर

बारा-चोवीस तास तगला तर अंग गरम होतं, नाडी परतते. इथे घाई करून जेवण देऊ नये. खरी खूण लघवी. म्हणून वेगळं भांडं, आणि पहिल्या लघवीची वेळ पाटीवर. ती दोन दिवस आली नाही तर मूत्रपिंडं गेलेली असतात. माणूस लाल डोळ्यांनी गुंगीत जातो आणि ज्वराने मेला अशी नोंद होते.

मेलेल्याच्या बाबतीत सेवकांना आधी सांगून ठेवावं लागे: कॉलऱ्याच्या प्रेताचे स्नायू कधीकधी मृत्यूनंतरही आखडतात, बोटं हलतात, पाय दुमडतो. न सांगितलेला पोरगा बादली टाकून पळतो.

प्रेत हॅमकमध्ये शिवून पायाशी तोफेचे दोन गोळे. साथीत गोळे आणि हात दोन्ही कमी पडले, वजन हलकं घातलं गेलं, आणि वर्णाच्या उपसागरात प्रेतं फुगून पाण्यावर आली, पायाच्या वजनामुळे उभीच्या उभी.

देखावा मांडणाऱ्यांसाठी

काखेत लावायचा आखूड थर्मामीटर नको, तो १८६६-६७ चा. लाल क्रॉस नको, तो १८६४ नंतरचा. टांगलेली सलाइनची बाटली नको. पांढरे कोट, तोंडाला फडकी नकोत. नाडीसाठी सेकंदकाटा असलेलं खिशातलं घड्याळ चालेल. कॉटशी दोन बादल्या ठेवा, आणि पेजेचं भांडं दूर, वाचलेल्यांच्या बाजूला.